पफ पॅनेलची के व्हॅल्यू: ०.०२३, ०.१६ की ०.०२०?

द्राक्षवेडा (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. यंदा बागेच्या कडेला एक छोटी शीतखोली बांधायचं घाटतंय. माल काढला की तिथेच गार करायचा आणि गाडी येईपर्यंत ठेवायचा. माप १० मीटर लांब, ६ रुंद, ४ उंच. भिंती आणि छत पफ पॅनेलचं (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेलं). तीन ठिकाणांहून कोटेशनं आणली आणि तिथेच घोडं अडलं. औष्णिक वाहकता (डीलर मंडळी 'के व्हॅल्यू' म्हणतात) तिघांनी तीन तऱ्हेने लिहिली आहे.

पहिला: ०.०२३ वॅट प्रति मीटर-केल्विन.
दुसरा: ०.१६ बीटीयू इन प्रति तास-चौरस फूट-अंश फॅरनहाइट.
तिसरा: ०.०२० किलोकॅलरी प्रति तास-मीटर-अंश सेल्सिअस.

के जितकी कमी तितकं पॅनेल चांगलं, एवढं मला कळतं. तिसऱ्याचा आकडा सगळ्यात कमी, आणि तो त्याच जोरावर चौरस फुटाला १५ रुपये जास्त मागतोय. पॅनेल साधारण दोन हजार चौरस फूट लागणार, म्हणजे ३० हजारांचा प्रश्न आहे. दुसऱ्याचा आकडा मोबाइलवरच्या एका कन्व्हर्टरमध्ये टाकला तर उत्तर आलं ०.२७७ वॅट. पहिल्यापेक्षा बारा पट वाईट! हा डीलर ओळखीतला आहे, असा गळा कापेल असं वाटत नाही. धाकटा भाऊ म्हणतो डोळे मिटून तिसरा घे. काय करू?

टिवल्याबावल्या (सोमवार, रात्री ९.५२)

डोळे मिटूनच घ्यायचं तर सगळ्यात स्वस्त घ्या की.

तबकडीबाई (सोमवार, रात्री १०.१५)

द्राक्षवेडा, थांबा, कोणालाच पैसे देऊ नका. दुसऱ्याच्या कागदावर 'बीटीयू'च्या पुढे जे 'इन' आहे ते तुम्ही काय समजलात?

द्राक्षवेडा (सोमवार, रात्री १०.२१)

'मध्ये'. बीटीयू मध्ये. म्हणजे बीटीयूत मोजलं आहे, असं.

तबकडीबाई (सोमवार, रात्री १०.४८)

वाटलंच. ते 'मध्ये' नाही हो, इंच आहे! इंग्रजीत इंच असाच आखूड लिहितात.

इंग्रजी पद्धतीत वाहकतेची दोन एककं सर्रास चालतात. एकात जाडी फुटात धरतात, दुसऱ्यात क्षेत्रफळ चौरस फुटात आणि जाडी मात्र इंचात. दुसरं एकक दिसायला विचित्र, पण पॅनेल इंचात विकलं जातं म्हणून धंद्यात तेच रुळलं. तुमच्या कन्व्हर्टरमध्ये तुम्ही फुटाचं एकक निवडलंत. एका फुटात बारा इंच, म्हणून उत्तर बरोब्बर बारा पट चुकलं. तुमचा ओळखीचा माणूस निर्दोष आहे.

आता नीट करू. गुणक पाठ करू नका, दर वेळी मांडून काढा, मग चूक होत नाही.

१ बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक) म्हणजे १०५५ ज्यूल. तासात ३६०० सेकंद, म्हणून १ बीटीयू प्रति तास म्हणजे ०.२९३१ वॅट. १ इंच म्हणजे ०.०२५४ मीटर. १ चौरस फूट म्हणजे ०.०९२९ चौरस मीटर. १ फॅरनहाइट अंशाचा फरक म्हणजे ५/९, अर्थात ०.५५५६ केल्विनचा फरक. वर ०.२९३१ गुणिले ०.०२५४, खाली ०.०९२९ गुणिले ०.५५५६. उत्तर ०.१४४२. तुमच्या दुसऱ्या डीलरचे ०.१६ गुणिले ०.१४४२ झाले ०.०२३१ वॅट प्रति मीटर-केल्विन.

तिसरा तर त्याहून सोपा. १ किलोकॅलरी म्हणजे ४१८६.८ ज्यूल, भागिले ३६००, झाले १.१६३. मीटर दोन्हीकडे आहे, आणि सेल्सिअसचा एक अंश व एक केल्विन हे फरक म्हणून सारखेच. ०.०२० गुणिले १.१६३ बरोबर ०.०२३३.

आता तिघांना शेजारी उभं करा: ०.०२३०, ०.०२३१, ०.०२३३. तुमच्या भावाचा 'सगळ्यात कमी'वाला खरं तर केसभर जास्तच आहे.

द्राक्षवेडा (सोमवार, रात्री १०.५५)

बाई! म्हणजे तिघांचा माल एकच? आणि मी ३० हजार जास्त द्यायला निघालो होतो?

तबकडीबाई (सोमवार, रात्री ११.०२)

माल एकच आहे की नाही ते मला कागदावरून सांगता येणार नाही. आकडा मात्र एकच आहे.

नवखा_७ (मंगळवार, सकाळी ७.३०)

बाई, एक शंका. फॅरनहाइटवरून सेल्सिअस करताना ३२ वजा करतात ना? ते तुम्ही केलंच नाही.

तबकडीबाई (मंगळवार, सकाळी ८.१०)

तीस वर्षं बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत हाच प्रश्न दर जूनला यायचा, त्यामुळे उत्तर तयार आहे. ३२ वजा करतात ते तापमान बदलताना. इथे तापमान नाहीच, दोन तापमानांमधला फरक आहे. कळसूबाईची उंची समुद्रसपाटीपासून मोजा नाहीतर बारी गावापासून, आकडा वेगळा येईल. पण वाटेवरच्या दोन शिड्यांमधलं अंतर तेच राहणार. ३२ हा फक्त शून्य कुठे मांडलं याचा हिशेब आहे. 'प्रति अंश' असं जिथे दिसेल तिथे ३२ ला हात लावायचा नाही, फक्त ५/९. आणि २७३ लाही नाही. ती चूक तर चांगली चांगली मुलं करायची.

जाता जाता, 'अंश केल्विन' असं म्हणू नका. १९६७ साली वजनमापांच्या जागतिक परिषदेने त्यातला 'अंश' काढून टाकला, नुसतं केल्विन. माझ्या जर्नल तपासणीत यावर अर्धा गुण जायचा. मुलं मागे काय म्हणायची ते मला ठाऊक आहे.

गॅसचार्जिंग (मंगळवार, सकाळी ९.०५)

बाईंना नमस्कार. मी वीस वर्षं कूलिंगच्या लाइनीत आहे, शिक्षण आयटीआय. मला ज्यूलबिल काही येत नाही, पण हे दोन्ही गुणक आमच्या 'टना'तूनच निघतात. आमच्याकडे शेंबड्या हेल्परलाही पाठ असतं: १ टन म्हणजे १२००० बीटीयू तासाला, ३०२४ किलोकॅलरी तासाला, आणि ३.५१७ किलोवॅट. आता ३५१७ ला १२००० ने भागा, ०.२९३१. ३५१७ ला ३०२४ ने भागा, १.१६३. बाईंचे दोन्ही आकडे आले की नाही?

तबकडीबाई (मंगळवार, सकाळी ९.२०)

वा! हे मी वर्गात सांगायला हवं होतं. आता निवृत्तीनंतर कळतंय.

नवखा_७ (मंगळवार, सकाळी ९.२४)

टन म्हणजे वजन ना? एसीत कसलं वजन?

गॅसचार्जिंग (मंगळवार, सकाळी ९.४५)

बर्फाचं. मशिनं यायच्या आधी अमेरिकेत तळ्यातला बर्फ कापून विकायचे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खातो तेवढं गार करणारं मशीन म्हणजे एक टनाचं. त्यांचा टन २००० पौंडांचा, पौंडभर बर्फ वितळायला १४४ बीटीयू. २००० गुणिले १४४ भागिले २४, बारा हजार. दीड टनाचा एसी दीड टन वजनाचा असता तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर चढवला असता का?

भट्टीवाला (मंगळवार, दुपारी १.१५)

जेवणाच्या सुट्टीत वाचतोय. साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला आहे, सांगलीकडे. आमचं काम उलटं, तुम्ही गारवा आत कोंडता, आम्ही वाफ. पण एककांचा घोळ तोच.

आमच्याकडे आणखी एक बेरकी एकक आहे, ते इथे कुणी काढलं नाही. रॉकवूलच्या मॅट्रेसच्या जुन्या तक्त्यांत वाहकता 'मिलीवॅट प्रति सेंटिमीटर-अंश' अशी असते. ५० अंशांना ०.४३ वगैरे. मिलीचे हजार, सेंटीचे शंभर, म्हणजे वॅट प्रति मीटर करायला दहाने भागायचं, ०.०४३. सोपं आहे. पण एका कारखान्यात नवा साहेब आला होता, त्याने ०.४३ बघितलं आणि म्हणाला ही लोकर आहे की वीट? अख्खा ट्रक गेटवर दोन दिवस उभा. शेवटी स्टोअरच्या म्हाताऱ्या क्लार्कने त्याला तक्त्याचा मथळा बोट ठेवून वाचून दाखवला.

दुसरं, 'के' या अक्षरावर विश्वास ठेवू नका. कुठे के म्हणजे वाहकता, कुठे केल्विन. युरोपातल्या कागदांत वाहकतेला लॅम्डा लिहितात, आणि जर्मन यंत्रांच्या जुन्या कागदांत के म्हणजे आपण ज्याला यू व्हॅल्यू म्हणतो ते असतं, जाडी आधीच भागून घेतलेली. एकक बघायचं, अक्षर नाही.

तिसरं आणि खरं महत्त्वाचं: आकडा कुठल्या तापमानाला मोजलाय? उष्णतारोधकाची वाहकता तापमानाबरोबर वाढते. आमच्या वाफेच्या पाइपावर ५० अंशांचा आकडा धरून लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) केलं तर पत्र्याला हात लावता येणार नाही. पफचं एवढं टोकाचं नसतं, पण एकाने १० अंश सरासरीला मोजलं आणि दुसऱ्याने २४ ला, तर १० वाल्याचा आकडा थोडा देखणाच दिसणार. द्राक्षवेडा, तुमच्या ०.०२३० आणि ०.०२३३ मधला फरक त्याच्यातच बुडून जाईल.

मिनेसोटाकर (मंगळवार, दुपारी ३.३०)

आमच्याकडे पहाट आहे आणि बाहेर उणे १८, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. इथे घरासाठी वाहकता कोणी विचारतच नाही, सगळे 'आर' विचारतात. आर म्हणजे उष्णतेला होणारा विरोध, जाडी भागिले वाहकता. भिंतीत आर १३, माळ्यावर आर ४९ अशी भाषा.

बाईंनी सांगितलेल्या इंचवाल्या एककाचा इथे एक फायदा आहे. १ ला ०.१६ ने भागा, ६.२५ आलं. म्हणजे तो फोम इंचाला आर सव्वासहा. चार इंचांचे सरळ २५. डोक्यातल्या डोक्यात होतं.

पण सावध. आर दोन प्रकारचे आहेत आणि दोन्हींना नुसतं 'आर'च म्हणतात. भारतातला माणूस १०० मिलिमीटर पॅनेलचा आर काढेल ०.१ भागिले ०.०२३, म्हणजे ४.३५. इथला माणूस त्याच पॅनेलला २४.७ म्हणेल. मधला गुणक ५.६७८. मी इथे घर घेतलं तेव्हा पुण्याच्या एका वास्तुविशारद मित्राला फोन केला आणि अभिमानाने सांगितलं, माळ्यावर आर ४९ आहे. तो मिनिटभर गप्पच. त्याच्या हिशेबाने मी माळ्यावर मीटरभराहून जाड पफ ठासलं होतं.

टिवल्याबावल्या (मंगळवार, दुपारी ३.४१)

आमच्याकडे इंचही नाही आणि आरही नाही. आजोबा खान्देशातल्या धाब्याच्या घराची भिंत हाताने मोजायचे, दीड हात जाड. मे महिन्यात आत गार. सगळ्या एककांना पुरून उरेल.

तबकडीबाई (मंगळवार, सायंकाळी ५.००)

त्या भिंतीची वाहकता काही फार कमी नाही हो. माती उष्णता बऱ्यापैकी नेते, पफच्या वीस-तीस पट सहज. तिथे खरं काम होतं ते भिंतीच्या वजनामुळे. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेर गार झालेलं असतं. शीतखोलीला बाहेरची रात्र शून्य अंशांची मिळत नाही, म्हणून तिथे ही युक्ती चालणार नाही. आजोबांचं घर गारच होतं, वाद नाही.

चुलीपाशी (मंगळवार, सायंकाळी ५.४०)

अवांतर होतंय, पण राहवत नाही. हे आकडे भांड्यांना लावले तर? स्टीलच्या पातेल्यात दूध कायम एकाच जागी लागतं.

तबकडीबाई (मंगळवार, सायंकाळी ६.०५)

लागणारच. तांबं ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियम २३७, लोखंड ८०, आणि आपलं स्वयंपाकघरातलं स्टेनलेस स्टील जेमतेम १६, सगळे वॅट प्रति मीटर-केल्विन. आच बसते तिथेच उष्णता साचते, बाजूला पसरत नाही. म्हणून तर बुडाला तांबं नाहीतर ॲल्युमिनियम लावतात. जुन्या सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पुस्तकांत तांब्याचा आकडा ०.९२ दिसेल, घाबरू नका. ते कॅलरी प्रति सेकंद-सेंटिमीटर-अंश आहे, ४१८.७ ने गुणा, ३८५ येईल. कोणी ४१८.४ ने गुणतात, कॅलरीच दोन प्रकारच्या आहेत म्हणून. त्यावर भांडू नका, हजारात एकाचाही फरक नाही.

द्राक्षवेडा (मंगळवार, रात्री ८.३०)

सगळ्यांचे आभार. भावाला दाखवलं, तो आता तिसऱ्या डीलरवर चिडलाय. मी म्हटलं त्या बिचाऱ्याने खोटं काही लिहिलेलं नाही. आता प्रश्न जाडीचा. ६० मिलिमीटर घेऊ की १००? ६० बरंच स्वस्त पडतंय.

गॅसचार्जिंग (मंगळवार, रात्री ९.१०)

इथे के कामाला येते. चार भिंती १२८ चौरस मीटर, छत ६०, मिळून १८८. बाहेर ४०, आत ०. मोटा हिशेब:

१०० मिलिमीटर: ०.०२३ भागिले ०.१, गुणिले १८८, गुणिले ४०. साधारण १७३० वॅट, अर्धा टन.
६० मिलिमीटर: त्याच रीतीने २८८० वॅट, टनाला थोडं कमी, ०.८२.

फरक ११५० वॅट. मशीन एक युनिट विजेत अडीच युनिट उष्णता ओढतं असं धरलं तर ४६० वॅट वीज जास्त. दिवसरात्र असंच ऊन धरलं तर ११ युनिट रोज. रात्री कमी होईल, पण छताचा पत्रा उन्हात ४० च्या खूप वर जातो, त्यामुळे छतावर शेड टाकाच. मी तर १००च्या खाली उतरणार नाही.

पण भाऊ, खरी मेख वेगळीच आहे. माल किती आणि किती वेळात गार करायचाय?

द्राक्षवेडा (मंगळवार, रात्री ९.२५)

दिवसाला ५ टन. तोडणी सकाळी संपते तेव्हा मण्यांचं तापमान ३० च्या आसपास असतं. ६ तासांत ४ अंशांवर आणायचा. डीलरने ५ टनाचं मशीन सुचवलंय.

गॅसचार्जिंग (मंगळवार, रात्री ९.५०)

५००० किलो, किलोला अंशामागे ३.७ किलोज्यूल धरा, २६ अंश. भागिले ६ तासांचे सेकंद. २२ किलोवॅट, म्हणजे सव्वासहा टन! पॅनेलमधून येणारं अर्धा टन. मंडळी दोन दिवस के व्हॅल्यूच्या चौथ्या दशांशावर खल करतायत आणि इथे मशीनच अपुरं आहे. पंख्यांची उष्णता, दार उघडझाप, क्रेट, माणसं हे सगळं अजून धरलंच नाही. ५ टनात तुमची द्राक्षं संध्याकाळपर्यंतही चारावर यायची नाहीत.

तबकडीबाई (मंगळवार, रात्री १०.००)

अगदी. बाकी मी लाजले.

भट्टीवाला (मंगळवार, रात्री १०.३०)

लाजू नका बाई, ३० हजार तर वाचवलेत. द्राक्षवेडा, पॅनेलबद्दल अजून दोन गोष्टी विचारा. एक, के नव्या फोमची की मुरलेल्या? नुसती हवा ०.०२६ असते. हवेपेक्षाही कमी वाहकता फोमला मिळते ती पेशींत कोंडलेल्या फुगवणाऱ्या वायूमुळे. वर्षं जातात तसा तो हळूहळू निसटतो, हवा शिरते आणि के वाढते. दोन्ही बाजूंना पत्रा असला की हे फार सावकाश होतं, कापलेल्या उघड्या कडेला लवकर. भारतात २०२० पासून जुना एचसीएफसी-१४१बी वायू फोमसाठी बंद झालाय, तेव्हा कुणी त्या काळातला चाचणी अहवाल पुढे केला तर तो आजच्या मालाचा नाही.

गॅसचार्जिंग (मंगळवार, रात्री १०.४५)

दुसरी मी सांगतो: सांधे. पाण्याची के ०.६, बर्फाची २ च्या वर. बाहेरची दमट हवा सांध्यातून आत शिरली की फोमच्या तोंडाशी पाणी धरतं, पुढे गोठतं. मग तुमचे ०.०२३ राहिले कागदावर. सीलंट आणि व्हेपर बॅरियर (बाष्प अडवणारा थर) बाहेरच्या, म्हणजे गरम अंगाला नीट पाहिजे. मी उघडलेल्या जुन्या खोल्यांत अर्ध्यांहून जास्त ठिकाणी तळाची पॅनेलं भिजलेली निघाली. आणि जमीन? कोटेशनमध्ये जमिनीखाली इन्सुलेशन धरलंय का?

द्राक्षवेडा (बुधवार, सकाळी ११.२०)

जमिनीचं तिघांपैकी एकानेही लिहिलेलं नाही! आत्ताच तिघांना फोन केला. सांगितलं, के व्हॅल्यू वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये द्या, कुठल्या तापमानाला आणि कुठल्या साली मोजली ते लिहा, घनता लिहा, जमिनीचं धरा, आणि मशीन ६ तासांच्या हिशेबाने पुन्हा काढा. पहिला म्हणाला उद्या देतो. दुसरा हसला, म्हणाला इंच बघितलात वाटतं. तिसरा म्हणाला साहेबांशी बोलून सांगतो, १५ रुपयांचंही बघू.

तबकडीबाई (बुधवार, सकाळी ११.४०)

त्या तीन कागदांचे फोटो मला पाठवाल का? डीलरांची नावं झाकून. भाची अकरावीला शिकवते, तिला गणित म्हणून द्यायचेत.

गॅसचार्जिंग (बुधवार, दुपारी १२.१०)

आणि मला दाराचं ड्रॉइंग पाठवा. गॅस्केटला हीटर दिलाय की नाही ते बघू, नाहीतर पहिल्याच महिन्यात दार चौकटीला गोठून बसेल आणि रात्री अकराला फोन मलाच येईल.